माशाचा कातळ

पॅरामाटा या नावाचा अर्थ मला माझ्या सात वर्षांच्या नातीने सांगितला.

लेकीकडे सिडनीला येऊन मला तीनेक आठवडे झाले होते. पॅरामाटा हे सिडनीच्या पश्चिमेचं उपनगर. बाजूच्या हॅरिस पार्कात डोसा, पाणीपुरी, कढीपत्ता सगळं मिळतं, येताजाता मराठीही कानावर पडतं, त्यामुळे फार लांब आल्यासारखं वाटत नव्हतं. रोज संध्याकाळी आम्ही दोघी नदीकाठच्या वाटेने फिरायला जायचो. त्या वाटेवर जमिनीतच रंगीत आकृत्या आहेत. आपल्याकडे नगरपालिका फुटपाथला रंगीत लाद्या बसवते, तशीच काहीतरी शोभा असेल असं समजून मी रोज त्यावरून चालत होते.

त्या दिवशी नात बंधाऱ्याजवळ थांबली आणि पाण्याकडे बोट दाखवून ओरडली. काळसर, मनगटाएवढं जाड काहीतरी दगडाच्या सावलीत वळवळत होतं. मी म्हटलं, "अगं, ही तर वाम!" तिने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. मग शाळेत बाई सांगतात त्या सुरात मला सांगितलं, "आजी, बर्रामत्ता म्हणजे ईल्सची जागा. इथे राहणारे लोक बर्रामत्तागल. आपण त्यांच्या जमिनीवर राहतो."

म्हणजे या गावाचं नाव वामांचं गाव. इंग्रजांच्या जिभेवर बर्रामत्ताचं पॅरामाटा झालं, पण नाव टिकलं. वामही टिकली. ही वाम वर्षानुवर्षं गोड्या पाण्यात राहते आणि आयुष्यात एकदाच, अंडी घालायला, समुद्रात उतरून हजारो किलोमीटर उत्तरेला कोरल समुद्राकडे जाते. तिथेच मरते. काचेसारखी पारदर्शक पिल्लं प्रवाहाबरोबर परत किनाऱ्याला लागतात, नदीत शिरतात, बंधाऱ्याच्या ओल्या भिंतीला चिकटून वर चढतात. आईने वाट दाखवलेली नसते. मधल्या काळात काठावर न्यायालय उभं राहिलं, मॉल उभे राहिले, फेरीचा धक्का झाला. वाम येतेच आहे.

पायाखालची ती वाट जेमी ईस्टवुड या आदिवासी कलाकाराची रचना आहे, हे मला त्या दिवशी कळलं. नदीची आणि नदीकाठच्या माणसांची गोष्ट त्याने चालण्याच्या वाटेवर मांडली आहे. दुसऱ्या दिवशी मी ती वाट पहिल्यापासून नीट पाहत गेले. अर्ध्या तासाच्या फेरीला दीड तास लागला. तीन आठवडे मी एका गोष्टीवर पाय देऊन चालत होते, आणि ती पायाखाली होती म्हणूनच दिसली नव्हती.

नातीच्या शाळेत कुठल्याही कार्यक्रमाच्या आधी सगळी मुलं उभी राहून म्हणतात की आपण धारुग लोकांच्या जमिनीवर जमलो आहोत, त्यांच्या वडीलधाऱ्यांना आमचा आदर. बर्रामत्तागल हे या धारुगांचंच एक कुळ. लेक म्हणाली, ऑफिसच्या मीटिंगलाही असंच असतं, काही जण घाईघाईने उरकतात. मला मात्र ते ऐकताना आमच्या गावचं गाऱ्हाणं आठवलं. राजापूर तालुक्यातलं आमचं गाव. कुठल्याही कामाच्या आधी गावकर नारळ हातात घेऊन देवळापुढे उभा राहतो, "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरुवात करतो आणि गावाच्या चारी सीमा, मूळ पुरुष, राखणदार, जागेवाले यांना नावानिशी हाक मारतो. प्रत्येक वाक्यामागे सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा!" कोकणात जागा विकत घेतली म्हणून ती तुमची होत नाही. तिथे आधीपासून एक जागेवाला असतो. घर बांधायचं तर त्याला विचारायचं, वर्षाची राखण द्यायची. माझी आई नव्या जागेत चूल मांडतानासुद्धा आधी तांदळाचे चार दाणे कोपऱ्यात ठेवायची. कुणासाठी, असं विचारलं तर म्हणायची, "ज्याची जागा त्याला."

तर सिडनीचा जागेवाला कोण, हे मला बघायचं होतं. लेकीला म्हटलं, मला ते ऑपेरा हाऊस वगैरे दाखव, पण असं काही असेल तर तेही दाखव.

शहराच्या मध्यावर, ब्रिज स्ट्रीट आणि फिलिप स्ट्रीटच्या कोपऱ्यावर सिडनी संग्रहालय आहे. भोवती काचेच्या उंच इमारती. संग्रहालयाच्या पुढच्या चौकात खांबांचं एक रान उभं आहे : लाकडाचे, वाळूच्या दगडाचे, लोखंडाचे मिळून २९ खांब. फियोना फोली आणि जॅनेट लॉरेन्स या दोघींनी १९९५ मध्ये केलेलं हे काम. फोली आदिवासी, लॉरेन्स गोरी. कामाचं नाव 'झाडांची कड' अशा अर्थाचं आहे. १७८८ च्या जानेवारीत ब्रिटिशांची जहाजं किनाऱ्याला लागली तेव्हा झाडांच्या कडेला उभे राहून त्यांच्याकडे पाहणारे ते लोक, आणि होडीतून झाडांकडे पाहणारे हे लोक. त्या चौकाच्या पोटात पहिल्या गव्हर्नरच्या घराचा पाया आहे. घर १७८८ मध्ये बांधायला घेतलं, १८४६ मध्ये पाडलं. सिडनीच्या भोवती राहणाऱ्या २९ कुळांसाठी २९ खांब.

लांबून पाहिलं तर विशेष काही वाटत नाही. लेक फोटो काढत होती, मी एका लाकडी खांबाजवळ गेले. जुन्या इमारतीचे वासे आहेत ते, अंगावर भेगा, खिळ्यांची भोकं. काही खांबांना लहान खिडक्या पाडल्या आहेत आणि काचेआड शंख, हाडं, राख, मध, माणसाचे केस ठेवले आहेत. झाडांची नावं कोरली आहेत, लॅटिनमध्ये आणि इथल्या भाषेत. पहिल्या जहाजांतून आलेल्यांचीही नावं आहेत. आणि खांबांमधून कुणीतरी कुजबुजतं. आधी मला वाटलं मागून कुणी बोलतंय. मग खांबाला कान लावला. गावांची नावं होती ती, एकामागून एक, सिडनीच्या किनाऱ्यावरच्या जागांची मूळ नावं, हलक्या आवाजात. गाऱ्हाण्यातल्यासारखीच. मला एकही नाव कळलं नाही आणि तरी मी तिथून हलले नाही. दुपारच्या सुट्टीत बाहेर पडलेली माणसं हातात कॉफी घेऊन खांबांमधून जात होती. एक-दोघं चालता चालता वेग कमी करत होते, मान किंचित वळवत होते. मला ते फार आवडलं. पुतळ्यापुढे माणूस मान वर करतो. इथे कान द्यावा लागतो.

बॅरंगारू नावाच्या बाईबद्दल मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आज सिडनीत बॅरंगारू म्हटलं की लोकांना बंदराजवळची पॉश वस्ती आठवते, हॉटेलं, कचेऱ्या, आणि तिच्या टोकाला २०१५ मध्ये उघडलेली टेकडीवजा बाग. पूर्वी तिथे जहाजांचा सपाट काँक्रीटचा धक्का होता. तो फोडून वाळूच्या दगडाचे सुमारे १०,००० ठोकळे रचून पुन्हा खडकाळ किनारा केला आणि इथलीच ७५,००० झाडंझुडपं लावली. बाग सुंदर आहे. पण बॅरंगारू ही आधी एक माणूस होती, कॅमेरेगल कुळातली कोळीण. नवरा बेनेलाँग गोऱ्यांच्या ओळखीचा झाला, त्यांच्यासारखे कपडे घालू लागला. हिने ते कपडे कधी अंगाला लावले नाहीत. गव्हर्नरच्या घरी जेवायला गेली तीसुद्धा नाकात हाडाचा दागिना घालून आणि बाकी जशी होती तशी. १७९१ मध्ये, मुलीला जन्म दिल्यावर थोड्याच दिवसांत ती वारली. बेनेलाँगने तिची राख गव्हर्नरच्या बागेत पुरली. कुजबुजणारे खांब जिथे उभे आहेत त्याच परिसरात कुठेतरी.

तिच्या जातीच्या बायका झाडाच्या सालीच्या होडीत बसून मासे पकडत. त्या होडीला त्यांच्या भाषेत 'नावी' म्हणत. ऐकून मी लेकीचा हात धरला. नात्यागोत्याचा काही संबंध नाही, योगायोग आहे, पण दोन समुद्रांपलीकडे होडीला नावी म्हणणारी बाई मला एकदम शेजारची वाटू लागली. होडीच्या मध्यावर मातीचा थर द्यायचा, त्यावर विस्तव ठेवायचा, मांडीवर मूल, हातात दोर. गळ पाण्यात सोडून गाणी म्हणायची. पुरुष भाल्याने मासे मारत, गळ फक्त बायकांचा. शंखाच्या शिंपल्याची चकती घासून घासून चंद्रकोरीसारखा गळ करायचा. त्याला म्हणायचे 'बारा'.

हा बारा ऑपेरा हाऊसच्या वरच्या अंगाला, हिरवळीवर उभा आहे. ज्युडी वॉटसन या क्वीन्सलँडमधल्या वान्यी लोकांच्या कलाकार. त्यांनी इथल्या गॅडिगल लोकांशी बोलून तो केला. माणसाच्या तिपटीहून उंच, पांढराशुभ्र, एका बाजूने चंद्रकोर, दुसऱ्या बाजूने गळ. खाली ऑपेरा हाऊसची पांढरी शिडं, मागे पूल. लोक तिथे उभं राहून फोटो काढतात, त्या कोरीतून ऑपेरा हाऊस मधोमध येईल असा. मीही काढला. पण मी तिथे गवतावर बसले ती वेगळ्याच कारणासाठी.

ऑपेरा हाऊस ज्या भूशिरावर आहे तिथे हजारो वर्षं बायका शिंपल्या भाजून खात आल्या होत्या आणि टरफलांचे ढीग साचत आले होते. ढीग म्हणजे कचरा नव्हे. कोण कुठे बसलं, काय खाल्लं, कुणाला कुठे पुरलं याची ती वही होती. इंग्रज आले. घरं बांधायची तर चुना हवा. आसपास चुनखडी नाही. मग हे शिंपल्यांचे ढीग उपसून भट्टीत जाळले आणि त्याच्या चुन्यात सिडनीच्या सुरुवातीच्या भिंती उभ्या राहिल्या. त्या भूशिराला काही काळ चुनाभट्टीवाल्यांचं टोक असंच म्हणत असत.

हे वाचून माझ्या घशाशी काहीतरी आलं. शिंपल्यांचा चुना मला परका नाही. आमच्या खाडीत तिसऱ्या निघतात, त्यांची टरफलं भाजून केलेला चुना जुन्या घरांना असायचा. पण मला आठवला तो चुना नव्हे, चिरा.

ते सांगण्याआधी एक रविवार सांगते. शहरातल्या वनस्पती उद्यानात, समुद्राच्या काठाने जाणाऱ्या वाटेवर, ब्रेंडा क्रॉफ्ट यांनी २००० साली केलेलं काम आहे, 'वुगनमागुल्या'. त्या खाडीचं ते मूळ नाव. वाटेतच कोरलेल्या आकृत्या आणि शब्द. त्या आकृत्यांचं मूळ सिडनीच्या आसपासच्या खडकांवर आहे असं कळलं, म्हणून जावयाने आम्हाला शहराच्या उत्तरेला कु-रिंग-गाई चेसच्या जंगलात नेलं. रानातून चालत गेलं की एके ठिकाणी झाडं मागे हटतात आणि वाळूच्या दगडाची उघडी पाठ लागते. दुपारी एक वाजता आम्ही पोचलो आणि आम्हाला काहीच दिसलं नाही. फलक होता, कठडा होता, खडक होता, चित्र नाही. नात रडवेली झाली. मी म्हटलं, थांबूया, डबा खाऊया, ऊन कलू दे.

मला ते कसं माहीत होतं, ते मलाही त्या क्षणी कळलं नाही. ऊन कललं. खडकाच्या पाठीवर आधी एक रेघ उमटली, मग तिची सावली, मग अख्खा मासा. त्याच्यापुढे वॉलाबी, म्हणजे छोटा कांगारू, पलीकडे हात पसरलेला माणूस. टोकदार दगडाने ओळीने खड्डे पाडायचे आणि मग खड्ड्यांमधली जागा घासून घासून रेघ जोडायची, अशी पद्धत. जवळून पाहिलं तर रेघेच्या तळाशी ते मूळचे खड्डे बोटाएवढे दिसत होते. मी नातीला म्हटलं, "आमच्याकडेही आहे हे."

"मग मला दाखवलं का नाहीस?"

आमच्या घराच्या वर सडा आहे. कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते : सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसाळ्यात त्यावर गवत आणि इवलीशी निळी-पिवळी फुलं, बाकी आठ महिने काळाठिक्कर, तापलेला. आमच्या सड्याच्या एका तुकड्याला माशाचा कातळ म्हणायचे. लहानपणी मी आणि माझा थोरला भाऊ, अण्णा, तिथे गुरं घेऊन जायचो. कातळात कोरलेला एक मासा होता, आमच्या दोघांच्या उंचीपेक्षा मोठा. पाऊस पडून गेला की त्याच्या रेघेत पाणी राहायचं आणि तो चकाकायचा. पाणी आटलं की तो नाहीसा व्हायचा, आणि संध्याकाळी पुन्हा यायचा. मी त्याच्या पोटात आडवी पडायची. कुणी कोरला, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : पांडवांनी. पांडवांनी आमच्याकडे बरंच काही एका रात्रीत केलेलं आहे. त्यापुढे कुणी विचारलं नाही. आम्हीही नाही.

१९९४ साली बाबांनी तो तुकडा चिरेखाणीला दिला. आमचं मातीचं घर दर पावसाळ्यात एकेका भिंतीने बसत होतं. खाणवाल्याने पैशांऐवजी चिरेच दिले. त्या चिऱ्यांचं घर आजही आहे, भक्कम, उन्हाळ्यात गार. त्याच घरातून माझं लग्न झालं. माशाबद्दल घरात एक शब्दही निघाला नाही. मी तेव्हा शिकलेली होते, डी.एड. झालेली होते, रत्नागिरीला नोकरीला लागले होते. मलाही बोलावंसं वाटलं नाही. बाबांचा दोष नाही यात. ज्याला डोक्यावर छप्पर हवं आहे त्याला सड्यावरच्या माशाचं कोण सांगणार, आणि काय म्हणून सांगणार? पण मी काही म्हटलं नाही, हे मी त्या रविवारी खडकापाशी बसून पहिल्यांदा स्वतःला सांगितलं.

पुढे दिवस बदलले. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रत्नागिरी, लांजा, राजापूरचे सडे पायी तुडवले, गुराख्यांना विचारत विचारत कातळशिल्पं शोधली. शेकडोंनी निघाली. कशेळीला सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती, त्याच्या पोटात मासे, पाखरं, जनावरं. देवाचे गोठणे इथे माणूस, आणि तिथे होकायंत्राची सुई जागेवर राहत नाही. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळापाशी मोठा चौकोन. बारसूला दोन जनावरांच्या मधे उभा असलेला माणूस. अभ्यासक त्यांचा काळ मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत यातली नऊ ठिकाणं गेली : रत्नागिरी जिल्ह्यातली सात, सिंधुदुर्गातलं कुडोपी, गोव्यातलं फणसाईमळ. त्याच बारसूच्या सड्यावर २०२३ च्या एप्रिलमध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी मातीची तपासणी सुरू झाली आणि बायका रणरणत्या उन्हात कातळावर आडव्या पडल्या. टीव्हीवर ते पाहताना मला वाटलं होतं, मीही अशी आडवी पडायचे. त्यांच्यासारखी नाही, पण कातळावरच.

सिडनीच्या कामांबद्दल लेकीशी माझा एक वाद झाला. ती म्हणाली, "आई, तू फार भारावतेस. जमीन परत दिली का कुणी? नावं कोरून काय होतं?" तिचं म्हणणं खोटं नाही. ही जमीन आधी कुणाचीच नव्हती, हे कायद्यातलं धादांत असत्य तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने १९९२ मध्ये, माबो खटल्यात, रद्द केलं. तोवर दोन शतकं उलटली होती. आणि १४ ऑक्टोबर २०२३ ला, आदिवासींचा आवाज संसदेपर्यंत नेणाऱ्या मंडळाला संविधानात जागा द्यावी का, यावर देशभर मतदान झालं तेव्हा साठ टक्के लोकांनी नाही म्हटलं. पांढऱ्या गळापुढे फोटो काढणाऱ्यांतलेही कितीतरी त्यात असणार. शहराला शोभा हवी असते, जागेवाल्याची राखण द्यायची नसते, हे दोन्हीकडे सारखंच.

तरी मी माझं म्हणणं सोडलं नाही, आणि त्याला कारण एक वही आहे. १७९० च्या सुमारास विल्यम डॉज नावाचा एक तरुण लष्करी अधिकारी बंदराच्या टोकावर झोपडी बांधून आकाशातले तारे मोजत होता. पट्येगरंग नावाची पंधराएक वर्षांची मुलगी त्याच्याकडे यायची आणि त्याला आपली भाषा शिकवायची. तो वहीत टिपून घ्यायचा. तिने त्याला एक क्रियापद दिलं, 'पुटुवा'. विस्तवावर आपला हात ऊन करायचा आणि मग दुसऱ्याची बोटं हलकेच दाबायची, या एवढ्या सगळ्याला तो एक शब्द. मी हे वाचलं तेव्हा आई आठवली. श्रावणातल्या पावसात भिजून आलं की चुलीपाशी ती नेमकं हेच करायची, आणि आमच्या भाषेत त्याला शब्द नाही. डॉजला पुढे परत पाठवलं. १७८९ च्या देवीच्या साथीने आधीच निम्मीशिम्मी माणसं नेली होती. त्या भाषेवर पुढे काय काय आघात झाले ते सांगायला नको. वह्या लंडनच्या एका ग्रंथालयात पडून राहिल्या आणि १९७२ मध्ये कुणाच्या तरी नजरेस आल्या. आज गॅडिगल भाषा पुन्हा बोलू पाहणारी माणसं त्या वह्या उघडतात. हाइड पार्कमध्ये टोनी आल्बर्ट यांनी आदिवासी सैनिकांसाठी उभं केलेलं स्मारक आहे, त्याचं नाव त्या वह्यांतून आलेलं आहे. एका मुलीने दिलेला शब्द कागदावर गेला, सातासमुद्रापार राहिला आणि परत त्याच जमिनीवर येऊन बसला. लेकीला मी एवढंच म्हटलं, की नाव परत आलं म्हणजे जमीन परत आली नाही, कबूल. पण नाव गेलं असेल तर जमीन मागायची तरी कुठल्या नावाने?

ती म्हणाली, "तुमच्या माशाचं नाव काय होतं?"

मे महिन्यात परत आले. घराच्या वाटण्या चालल्या आहेत म्हणून अण्णाने सातबारे काढून ठेवले होते. गटनंबर, क्षेत्र, पोटखराबा. त्यात एक रकाना असतो, शेताचे स्थानिक नाव. बहुतेकांचा रिकामा असतो. आमच्या वरच्या तुकड्यापुढे लिहिलं होतं : माशाचा कातळ. कुणा जुन्या तलाठ्याने विचारून लिहिलं असेल, पुढच्यांनी उतरवून घेतलं, संगणक आला तेव्हा कुणीतरी टाइप केलं. मी ती ओळ अण्णाला वाचून दाखवली. तो चष्मा पुसत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वर गेलो. खाण कधीच बंद झाली आहे. उभ्या कापलेल्या लालभडक भिंती, पायऱ्यांसारख्या, आणि तळाला मागच्या पावसाचं हिरवं पाणी. मी विचारलं, मासा कुठल्या भिंतीत गेला असेल, आपल्या की दुसऱ्या कुणाच्या? अण्णा म्हणाला, "भिंतीत नाय गो जात तो. वरचा थर कडक आणि भेगाळ, चिऱ्याला चालत नाय. तो फोडून भराव म्हणून टाकतात. आपल्या रस्त्याखाली गेला तो सगळा. देवळाकडच्या."

देवळाकडचा रस्ता आमच्या दारावरून जातो. तीस वर्षं मी माहेरी येते ती त्याच रस्त्याने. पालखीही त्यावरून जाते.

त्या संध्याकाळी नातीचा फोन आला, चित्रफितीवाला. तिला मासा बघायचा होता. मी तिला खरं काय झालं ते सांगितलं, सात वर्षांच्या मुलीला सांगता येईल तितकं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजोबांना आठवतो ना? मग त्यांना काढायला सांग. खरा होता तेवढा मोठा."

अण्णा एकाहत्तर वर्षांचा आहे, गुडघे धरतात. त्याने आधी अंगणात पाऊल मोजून पाहिलं, मान हलवली, मावणार नाही म्हणाला. मग वहिनीकडून रांगोळीचा डबा घेऊन रस्त्यावर आला. आधी खडूने ठिपके टाकत गेला, वीतभर अंतराने, कुठेही न थांबता, जणू खाली काही दिसत होतं. मग ठिपके जोडायला बसला. शेजारची पोरं जमली. मी फोन धरून मागे मागे. डोकं झालं, पाठीची रेघ झाली, आणि मग तो दोन्ही बाजूंना पंखांसारखं काहीतरी पसरवायला लागला तेव्हा मी म्हटलं, "अण्णा, हे काय? मुशी होती ना ती?"

"मुशी कसली! वागळी."

"मी तिच्या पोटात झोपायचे, मला माहीत नाही होय? मुशी होती."

"वागळीच्याच पोटात झोपायला जागा असते," तो म्हणाला आणि शेपूट ओढायला लागला. रस्ता संपला तरी थांबला नाही, कडेच्या गटारापर्यंत नेली. एवढी लांब नव्हती, मी म्हटलं. होती, तो म्हणाला.